गोरा आरोपी आणि देशी न्यायासन : फौजदारी कायद्यांतील वंशभेदाचा इतिहास (१७७३ ते १९४९)

१. विषयप्रवेश

इंग्रजी अमदानींतील फौजदारी निकालांचे कागद आपल्या संग्राहकांकडून आजवर बहुधा उपेक्षिले गेले आहेत. मोडी पत्राचा कसरीनें खाल्लेला तुकडाहि जिवापलीकडे जपणारे गृहस्थ १८६० नंतरच्या एखाद्या मॅजिस्ट्रेटच्या निकालाची नक्कल हातीं आली असतां ती रद्दींत टाकण्यास कचरत नाहींत. तींत राजकारण नाहीं, वंशावळ नाहीं, इनामाचा उल्लेख नाहीं. मग तिचें ऐतिहासिक मोल तें काय, असा त्यामागील विचार असतो. परंतु या उपेक्षित कागदांत एका मोठ्या विषयाचा पुरावा दडलेला आहे. एकाच दंडसंहितेखालीं, एकाच जिल्ह्यांत घडलेल्या एकाच प्रकारच्या गुन्ह्याचा न्याय आरोपीच्या जन्मावरून दोन निराळ्या वाटांनीं होत असे, हा तो विषय होय. हा भेद एखाद्या अधिकाऱ्याच्या खाजगी पक्षपाताचा नव्हता. तो कलमबद्ध होता, छापलेला होता, आणि १९४९ पर्यंत या ना त्या स्वरूपांत जिवंत होता.

न्यायांतील असमानता या देशास अगदींच अपरिचित होती असें मात्र कोणीं समजूं नये. पेशवाईंतहि शिक्षा जात पाहून होत असे. ब्राह्मणास देहांत शिक्षा सहसा न देतां किल्ल्यावर अटकेंत ठेवण्याची चाल होती, आणि तोच गुन्हा खालच्या मानलेल्या जातीच्या मनुष्याकडून झाल्यास त्याच्या हातापायांवर वा जिवावर बेतत असे. ही गोष्ट झांकून ठेवून इंग्रजी न्यायास दोष देणें संशोधकास शोभणार नाहीं. भेद इतकाच कीं, कायद्यापुढें सर्व प्रजा सारखी आहे असा दावा पेशव्यांच्या न्यायसभेनें कधीं केला नव्हता. इंग्रजांनीं तो वारंवार केला. १८३३ च्या सनदी कायद्याच्या ८७ व्या कलमानें धर्म, जन्मस्थान, कुल किंवा वर्ण यांमुळें कोणीहि देशी मनुष्य कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरूं नये असें ठरविलें. १८५८ च्या नोव्हेंबरांतील राणीच्या जाहीरनाम्यानें कायद्याचें संरक्षण सर्वांस सारखेंच मिळेल असें अभिवचन दिलें. या शब्दांच्या शेजारीं फौजदारी कार्यपद्धतीचीं कलमें ठेवून पाहणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. राजधानीचें न्यायासन आणि मोफसलांतील गोरा

१७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टान्वयें कलकत्त्यास सुप्रीम कोर्ट स्थापन झालें व १७७४ पासून तें चालूं झालें. पुढल्याच वर्षीं, ५ ऑगस्ट १७७५ रोजीं, महाराज नंदकुमार यांस खोटा दस्तऐवज केल्याच्या आरोपावरून इंग्रजी कायद्याप्रमाणें फांशी देण्यांत आलें. ज्या गुन्ह्यास या देशाच्या रूढ न्यायांत देहांत शिक्षा नव्हती, त्या गुन्ह्यासाठीं विलायतेच्या कायद्यानें एका बंगाली ब्राह्मणाचा जीव गेला. राजधानीच्या शहरांत इंग्रजी कायदा देशी मनुष्यापर्यंत असा पोंचूं शकत होता. परंतु जिल्ह्यांतील कंपनीचें फौजदारी न्यायासन मात्र इंग्रजापर्यंत पोंचूं शकत नव्हतें. मोफसलांत राहणारा इंग्रज हा राजाचा प्रजाजन. त्याचा न्याय राजाच्या सनदेनें स्थापन झालेल्या कोर्टापुढेंच व्हावयाचा, हें तत्त्व त्यामागें होतें. मुंबईस हीच व्यवस्था आधीं मेयर्स कोर्ट, १७९८ पासून रेकॉर्डर्स कोर्ट व १८२३ च्या सनदेनें सुप्रीम कोर्ट अशा क्रमानें चालली.

तत्त्व कागदावर साधें दिसतें. त्याचा परिणाम फिर्यादीस भोगावा लागे. धारवाड वा खानदेश येथील एखाद्या रयतेस गोऱ्यानें जबर मारहाण केली तर फिर्याद मुंबईस नेली पाहिजे, साक्षीदार मुंबईस गेले पाहिजेत, आणि शेतीचीं कामें टाकून परक्या शहरांत तारखांची वाट पाहत बसलें पाहिजे. आगगाडीपूर्वींच्या काळांत या प्रवासास लागणारे दिवस व पैसा लक्षांत घेतला म्हणजे अशा कित्येक फिर्यादी मुळांत दाखलच कां झाल्या नसतील याचा उलगडा होतो. पार्लमेंटासहि ही अडचण जाणवली होती. १८१३ च्या सनदी कायद्यानें मोफसलांतील मॅजिस्ट्रेटांस इंग्रज प्रजाजनांनीं देशी लोकांवर केलेल्या मारहाणीच्या व आगळिकीच्या फिर्यादी ऐकण्याचा अधिकार दिला. मात्र शिक्षेची मर्यादा पांचशें रुपये दंड एवढीच ठेविली. म्हणजे जिल्ह्यांतल्या जिल्ह्यांत मिळणारा न्याय तो दंडाचा. त्याहून अधिक हवा असेल तर राजधानीची वाट धरावी, असा तो प्रकार होता.

याच विषयाची दुसरी बाजू पुण्याच्या एका प्रकरणांत दिसते. १८२८ त मोरो रघुनाथ या अल्पवयी मुलास पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यांतून आपल्यापुढें हजर करावें, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टानें सोडला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं तो बजावूं दिला नाहीं. न्यायमूर्ति सर जॉन पीटर ग्रँट यांनीं कोर्टाचें कामच बंद ठेवण्यापर्यंत मजल नेली, आणि शेवटीं १८२९ त प्रकरण प्रिव्हि कौन्सिलापुढें जाऊन निकाल माल्कम यांच्या बाजूस लागला. मोफसलांतील देशी प्रजेच्या बाबतींत सुप्रीम कोर्टास हा अधिकार नाहीं, असें त्यांत ठरलें. सरकारच्या दृष्टीनें हा अधिकारक्षेत्राचा वाद होता. परंतु त्याचा अर्थ असा झाला कीं, पुण्याच्या इंग्रजाच्या पाठीशीं राजाचें कोर्ट उभें होतें आणि पुण्याच्या मराठी मनुष्याच्या पाठीशीं तें नव्हतें. शरीरस्वातंत्र्याच्या रक्षणाचें तें इंग्रजी साधन पुढें फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत युरोपियन ब्रिटिश प्रजाजनाचा खास हक्क म्हणून मोफसलभर चालूं राहिलें.

३. ‘काळे कायदे’

१८३३ पर्यंत कंपनीच्या परवान्यावांचून इंग्रजांस देशाच्या अंतर्भागांत राहतां येत नसे व जमीन धरतां येत नसे. त्या वर्षींच्या सनदी कायद्यानें हा निर्बंध पुष्कळ अंशीं सैल झाला आणि निळीचे, पुढें चहाचे व कॉफीचे मळेवाले खेडोपाडीं पसरले. ज्यांच्या हाताखालीं शेंकडों मजूर राबत, अशा गोऱ्यांची संख्या वाढतांच त्यांच्यावर जिल्ह्यांतील कोर्टांचा अधिकार असावा कीं नाहीं, हा प्रश्न पुस्तकी राहिला नाहीं. याच कायद्याच्या ८५ व्या कलमानें येथें येऊन राहणाऱ्या युरोपियनांच्या आगळिकीपासून देशी लोकांच्या जीविताचें, धर्माचें व मतांचें रक्षण करण्याचें कर्तव्य गव्हर्नर जनरलवर टाकलें होतें. इंग्रज कायदेकर्त्यांस हा धोका पुढें दिसत होता, याचा हा त्यांच्याच हातचा दाखला आहे.

त्या वेळचे लॉ मेंबर मेकॉले यांच्या पुढाकारानें १८३६ चा ११ वा कायदा झाला व मोफसलांतील दिवाणी दाव्यांत सुप्रीम कोर्टाकडे अपील करण्याचा इंग्रजांचा खास हक्क काढून घेण्यांत आला. प्रश्न केवळ दिवाणी होता, तरी कलकत्त्याच्या टाउन हॉलांत निषेधाची सभा भरली आणि या कायद्यास ‘काळा कायदा’ हें नांव मिळालें. फौजदारी बाबतींत पाऊल टाकण्याचा यत्न १८४९ त लॉ मेंबर ड्रिंकवॉटर बेथ्यून यांनीं केला. त्यांच्या मसुद्यांसहि तेंच नांव मिळालें, आणि युरोपियनांच्या गिल्ल्यापुढें ते मागें घ्यावे लागले. त्या मसुद्यांच्या बाजूनें रामगोपाळ घोष यांनीं पुस्तिका लिहिली. एका हिंदी गृहस्थानें फौजदारी कायद्यांतील वंशभेदाविरुद्ध केलेल्या आरंभींच्या जाहीर लिखाणांत तिची गणना करावी लागेल.

४. दंडसंहिता समान, कार्यपद्धति असमान

१८६० ची हिंदी दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आली. तींत चोरी, दुखापत, खून यांच्या व्याख्या काळ्यागोऱ्यांस एकच आहेत. अपवाद एका ५६ व्या कलमाचा. ज्या गुन्ह्यास काळ्यापाण्याची शिक्षा, त्यांत गुन्हेगार युरोपियन किंवा अमेरिकन असल्यास त्यास काळ्यापाण्याऐवजीं सक्त कैदेची निराळी शिक्षा द्यावी, असें तें कलम सांगतें. एवढें सोडल्यास संहितेचें पुस्तक वाचणारास त्यांत वंशभेद आढळत नाहीं, आणि त्यामुळें पुष्कळ लेखकांची अशी समजूत झाली कीं, १८६२ नंतर हा प्रश्न मिटला.

तो मिटला नव्हता. तो दंडसंहितेच्या पुस्तकांतून कार्यपद्धतीच्या पुस्तकांत गेला होता. १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यानें मोफसलांतील गोऱ्याचें संरक्षण कायम ठेविलें, व १८६२ त हायकोर्टें स्थापन झाल्यावर सुप्रीम कोर्टाचा जुना अधिकार त्यांजकडे आला. १८७२ च्या १० व्या कायद्यानें या विषयास स्वतंत्र प्रकरणच दिलें. त्यांत ‘युरोपियन ब्रिटिश प्रजाजन’ कोणास म्हणावें याची व्याख्या आहे. ग्रेट ब्रिटन व आयर्लंड येथें किंवा युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, केप व नाताळ येथील वसाहतींत जन्मलेला वा स्थायिक झालेला राजाचा प्रजाजन, आणि त्याचीं औरस संततींतील मुलें व नातवंडें, अशी ती व्याख्या होती. गुन्हा काय घडला याचा विचार होण्यापूर्वीं आरोपीचा आजा कोण व त्याचा विवाह रीतसर होता कीं नाहीं, हें मॅजिस्ट्रेटापुढें येऊं शकत असे. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांत शोभणारी वंशावळ येथें फौजदारी खटल्यांत शिरली होती.

या कायद्यानें मोफसलांतील कोर्टांस गोऱ्यांवर कांहीं अधिकार दिला, हें नमूद केलें पाहिजे. पण तो अधिकार चालविणारा मॅजिस्ट्रेट पहिल्या वर्गाचा, जस्टिस ऑफ दि पीस आणि स्वतः युरोपियन ब्रिटिश प्रजाजन असला पाहिजे. त्यानें तीन महिन्यांहून अधिक कैद वा हजार रुपयांहून अधिक दंड करूं नये. आणि सेशन्स जज्जानेंहि, तो युरोपियन असला तरी, एक वर्षाहून अधिक कैद देऊं नये, अशा मर्यादा होत्या. त्याहून गंभीर गुन्हे हायकोर्टाकडे. देशी मनुष्यास जन्मठेप वा फांशीपर्यंत शिक्षा सुनावणारा तोच सेशन्स जज्ज, त्याच खुर्चीवर बसून, गोऱ्यास एक वर्षापलीकडे शिक्षा देण्यास असमर्थ होता. देशी मॅजिस्ट्रेटांस हा अधिकार असावा अशी सुधारणा मुंबई इलाख्यांतून कौन्सिलांत गेलेले एलिस यांनीं सुचविली. ती ७ विरुद्ध ५ मतांनीं नामंजूर झाली. अल्पमतांत खुद्द हंगामी व्हाइसरॉय व सरसेनापति होते, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

हें बिल चालविणारे लॉ मेंबर सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. त्यांच्याच कारकीर्दींत, एक वर्ष आधीं, १८७१ चा २७ वा कायदा झाला. तोच ‘गुन्हेगार जातीं’चा कायदा. त्यानें संबंध जमात सरकारी जाहिरातीनें गुन्हेगार ठरवितां येई. त्या जमातीचीं नांवें रजिस्टरांत चढवावीं, माणसांनीं हजेरी द्यावी, परवान्यावांचून गांव सोडूं नये, आणि जाहिरातीच्या खरेपणाविषयीं कोणत्याहि कोर्टानें शंका घेऊं नये, अशीं त्यांत कलमें होतीं. हा कायदा प्रथम उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्यानें तो आपल्या इलाख्यासहि लागूं झाला, आणि पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट, मांग-गारुडी इत्यादि जमातींच्या माणसांस सोलापूर, विजापूर, हुबळी येथील वसाहतींत आणून ठेवण्यांत आलें. या दोन कायद्यांचा विचार आजवर बहुधा वेगवेगळा झाला आहे. तो एकत्र केला पाहिजे, असें आमचें मत आहे. दोहोंचा आधार जन्म हाच आहे. एकानें जन्मावरून संरक्षण दिलें, दुसऱ्यानें जन्मावरून संशय कायम केला. आणि दोन्ही एकाच कौन्सिलांतून अवघ्या कांहीं महिन्यांच्या अंतरानें बाहेर पडले.

५. प्लीहेचा पुरावा

कार्यपद्धतीच्या जोडीला वैद्यकीय पुराव्याचा एक विशिष्ट प्रकार या खटल्यांत वारंवार आढळतो. १८७५ च्या अखेरीस आग्रा येथें फुल्लर नांवाच्या इंग्रज वकिलानें कटवारू नामक आपल्या मोतद्दारास गाडी आणण्यास उशीर झाला म्हणून मारलें. मोतद्दार थोड्याच वेळांत मेला. वैद्यकीय तपासणींत प्लीहा फुटून मृत्यु आल्याचें निघालें. जॉइंट मॅजिस्ट्रेट लीड्स यांनीं हा इच्छापूर्वक दुखापतीचा गुन्हा धरून फुल्लर यास ३० रुपये दंड केला. प्रांतिक सरकारनें अलाहाबाद हायकोर्टाचें मत विचारलें असतां शिक्षा कदाचित् सौम्य असली तरी विशेष आक्षेपार्ह नाहीं, असें उत्तर आलें. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांस तें पटलें नाहीं. १८७६ च्या जुलैंतील आपल्या टिपणांत त्यांनीं मॅजिस्ट्रेट व हायकोर्ट या दोघांसहि दोष दिला आणि लीड्स यांची बढती एक वर्ष रोखून धरली. लिटन हे पुढें १८७८ त देशी वृत्तपत्रांचें तोंड बंद करणारे व्हाइसरॉय. त्यांच्या हातून हें टिपण उतरावें यावरूनच प्रकरण किती उघडें होतें तें कळतें. अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनीं मात्र त्यांच्यावरच झोड उठविली.

हिंवतापाच्या प्रदेशांत प्लीहा वाढते व वाढलेली प्लीहा हलक्या आघातानेंहि फुटूं शकते, हें वैद्यकदृष्ट्या खरें आहे. प्रश्न त्या सत्याचा उपयोग कोणाच्या बाजूनें झाला हा आहे. दंडसंहितेप्रमाणें मृत्यूचा संभव आरोपीस ठाऊक होता कीं नाहीं, यावर गुन्ह्याची प्रत अवलंबून असते. मयताच्या शरीरांतील आजार पुढें केला म्हणजे मारणाराचें ज्ञान नाहीसें होतें, मनुष्यवधाचा आरोप दुखापतीवर उतरतो, आणि दुखापत झाली म्हणजे दंडावर भागतें. परंतु ज्या देशांत वर्षानुवर्षें राहून गोऱ्यांस हा आजार सर्वत्र आहे हें ठाऊक झालें होतें, तेथें ‘ठाऊक नव्हतें’ हा बचाव उत्तरोत्तर दुबळा व्हावयास पाहिजे होता. तसा तो झालेला दिसत नाहीं. कलकत्त्याचे रामगोपाळ सान्याल यांनीं १८९० नंतरच्या दशकांत युरोपियन व देशी लोकांमधील फौजदारी खटल्यांचा एक संग्रहच छापून काढला. संग्राहकाची वृत्ति अशा कामीं किती उपयोगी पडते याचें तें उत्तम उदाहरण होय.

६. इल्बर्ट बिल

१८८२ च्या कार्यपद्धतीच्या कायद्यांतहि हाच भेद कायम राहिला. परंतु आतां एक नवी विसंगति डोळ्यांत भरूं लागली होती. सिव्हिल सर्व्हिसमध्यें शिरलेले थोडे हिंदी अधिकारी बढतीनें जिल्ह्याच्या मुख्य जागांपर्यंत येऊं लागले होते. बिहारीलाल गुप्त हे कलकत्त्यास प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट असतां गोऱ्यांचे खटले चालवूं शकत. तेच बढती होऊन मोफसलांत गेले म्हणजे तो अधिकार त्यांस उरत नसे. जानेवारी १८८२ त त्यांनीं बंगाल सरकारास टिपण लिहून ही गोष्ट नजरेस आणली. आपल्या इलाख्यांतहि उदाहरण होतेंच. सिव्हिल सर्व्हिसमधील पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ ठाकूर यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यांत झाली. १८८३ च्या सुमारास ते कारवारास न्यायाधीश होते, व पुढें साताऱ्यासहि होते. त्यांच्या हाताखालील एखाद्या युरोपियन असिस्टंटास जें करतां येई, तें त्यांस करतां येत नव्हतें.

लॉर्ड रिपन यांच्या संमतीनें लॉ मेंबर कोर्टनी इल्बर्ट यांनीं ९ फेब्रुवारी १८८३ रोजीं कौन्सिलांत बिल मांडलें. त्यांतील सुधारणा वस्तुतः मूठभर अधिकाऱ्यांपुरती होती. तथापि २८ फेब्रुवारीस कलकत्त्याच्या टाउन हॉलांत युरोपियनांची प्रचंड सभा भरली, संरक्षणसंस्था निघाली, वर्गण्या जमल्या, आणि व्हाइसरॉयांवर बहिष्कार घालण्यापर्यंत गोष्ट गेली. विलायतेंत फिट्झजेम्स स्टीफन यांनीं ‘टाइम्स’मध्यें पत्र लिहून बिलास विरोध केला. जिंकलेल्या लोकांवरील सत्ता टिकवावयाची तर जेत्यांनीं आपल्या श्रेष्ठत्वाबद्दल संकोच धरूं नये, असा त्यांचा रोख होता. हें पत्र या इतिहासांतील मोलाचें साधन आहे. भेदाचें समर्थन सामान्यतः ‘गैरसोय’, ‘भाषेची अडचण’, ‘चालीरीतींचें अज्ञान’ अशा शब्दांनीं होत असे. कायद्याच्या कर्त्यानेंच येथें खरें कारण उघड सांगितलें. मुंबईस त्याच वर्षीं टाउन हॉलांत बिलास पाठिंबा देणारी सभा झाली, व तींत बद्रुद्दीन तय्यबजी, फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचीं भाषणें झालीं.

शेवटीं तडजोड झाली व १८८४ चा ३ रा कायदा २५ जानेवारीस पसार झाला. जिल्हा मॅजिस्ट्रेट व सेशन्स जज्ज यांस वंशाचा विचार न करितां अधिकार मिळाला. पण त्याच्या मोबदल्यांत युरोपियन ब्रिटिश प्रजाजनास जिल्हा मॅजिस्ट्रेटापुढेंहि ज्यूरी मागण्याचा आणि त्या ज्यूरींतील निम्मे तरी लोक युरोपियन वा अमेरिकन असावे असें म्हणण्याचा हक्क मिळाला. ज्यूरीची चाल तेव्हां देशाच्या थोड्या जिल्ह्यांतच होती. बाकी ठिकाणीं हिंदी आरोपीच्या वांट्यास असेसर येत, ज्यांचें मत जज्जावर बंधनकारक नसे. न्यायाधीशाच्या खुर्चीवरून काढलेला वंशभेद अशा रीतीनें पंचांच्या बांकावर आणून बसविला गेला.

७. पंचांचा बांक

पंचांच्या घटनेचें महत्त्व महाराष्ट्रास निराळें सांगावयास नको. १८९७ त लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति स्ट्रॅची यांच्यापुढें चालला. नऊ ज्यूरर, त्यांत सहा युरोपियन व तीन हिंदी; निकाल सहा विरुद्ध तीन मतांनीं ‘गुन्हेगार’, आणि शिक्षा अठरा महिने सक्त कैद. १९०८ त न्यायमूर्ति दावर यांच्यापुढें सात युरोपियन व दोन पारशी ज्यूरर होते. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षें काळें पाणी व हजार रुपये दंड. नवांपैकीं सहांचें एकमत होऊन जज्जास तें मान्य झालें म्हणजे निकाल पुरा होत असे. ज्या लेखांवर हे खटले उभे राहिले ते मराठींत होते, आणि बहुसंख्य पंचांपर्यंत ते भाषांतराच्या द्वारेंच पोंचले. गोऱ्या आरोपीस त्याच्या चालीरीति जाणणारे पंच मिळावे, असें इल्बर्ट बिलाच्या वेळीं आग्रहानें प्रतिपादिलें गेलें होतें. तोच न्याय आरोपीची भाषा जाणणाऱ्या पंचांच्या बाबतींत मात्र आठवला नाहीं.

उलट दिशेचें चित्र लष्करी प्रकरणांत दिसतें. १८९९ त रंगून येथें वेस्ट केंट पलटणींतील शिपायांनीं एका ब्रह्मी स्त्रीवर अत्याचार केला असतां कोर्टांत शिक्षा होऊं शकली नाहीं. तेव्हां लॉर्ड कर्झन यांनीं सारी पलटणच एडनला पाठविण्याची तजवीज केली. १९०२ त सियालकोट येथें नवव्या लान्सर्स पलटणींतील लोकांनीं अटू नांवाच्या आचाऱ्यास मारल्यानें तो मेला. गुन्हेगार सांपडला नाहीं. पलटणीच्या रजा बंद करण्यांत आल्या. १ जानेवारी १९०३ च्या दिल्ली दरबारांत हीच पलटण पुढें येतांच जमलेल्या युरोपियनांनीं तिचा जयघोष केला. कर्झनसारखा साम्राज्याभिमानी व्हाइसरॉयहि येथें कोर्टाकडून कांहीं होणार नाहीं असें धरूनच चालला व कार्यकारी शिक्षेकडे वळला, ही गोष्ट त्या काळच्या न्यायासनांविषयीं पुष्कळ सांगून जाते.

८. भेदाचा शेवट

१९२१ च्या सप्टेंबरांत मध्यवर्ती असेंब्लींत नारायण माधव समर्थ यांनीं फौजदारी कार्यपद्धतींतील वंशभेदाची चौकशी व्हावी असा ठराव आणला. त्यावरून सर तेज बहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालीं कमिटी बसली, व तिच्या शिफारशींवरून १९२३ चा १२ वा कायदा झाला. त्यानें जुने विशेष हक्क पुष्कळ कमी केले. परंतु भेद समूळ काढण्याऐवजीं, एक पक्ष युरोपियन व दुसरा हिंदी असेल अशा खटल्यांसाठीं दोहोंसहि आपल्या राष्ट्रीयत्वाचे पंच मागण्याची सोय त्यानें केली. म्हणजे पंच निवडतांना वंश पाहण्याची पद्धत राहिलीच. ती जाण्यास स्वराज्य यावें लागलें. फौजदारी कायद्यांतील वंशभेद नाहीसे करणारा १९४९ चा १७ वा कायदा ६ एप्रिल १९४९ पासून अंमलांत आला आणि दंडसंहितेंतील ५६ वें कलम व कार्यपद्धतींतील हें प्रकरण रद्द झालें. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या १४ व्या कलमानें कायद्यापुढील समता हा मूलभूत हक्क झाला. गुन्हेगार जातींचा कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकून राहिला. संरक्षण देणारा जन्मभेद आधीं गेला, व संशय चिकटविणारा मागाहून गेला, हा क्रमहि टिपून ठेवण्यासारखा आहे.

९. संग्राहकांस विज्ञापना

या विषयाचे सरकारी कागद मुंबईच्या पुराभिलेखागारांत न्यायखात्याच्या खंडांत आहेत, आणि देशी वृत्तपत्रांच्या साप्ताहिक गोषवाऱ्यांतहि पुष्कळ उल्लेख सांपडतात. तथापि फिर्यादीच्या घरची बाजू तेथें मिळत नाहीं. ती जुन्या वकिलांच्या बस्त्यांत, संस्थानी दफ्तरांत व खाजगी पत्रव्यवहारांतच मिळावयाची. संस्थानांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. संस्थानिकांच्या न्यायसभांस युरोपियन ब्रिटिश प्रजाजनावर फौजदारी अधिकार चालवूं देत नसत. तो पोलिटिकल एजंट वा रेसिडेंट यांच्याकडे असे. सबब अशा प्रकरणांचा दरबार व एजन्सी यांमधील पत्रव्यवहार संस्थानी रुमालांत असण्याचा संभव मोठा आहे.

असा एखादा निकाल हातीं आला म्हणजे तो शेवटच्या ओळीपासून वाचूं नये. आरोपीच्या नांवापुढें युरोपियन ब्रिटिश प्रजाजन असा शेरा आहे काय, व त्यानें तो हक्क मागितला कीं सोडला, हें आधीं पाहावें. मॅजिस्ट्रेटाच्या सहीखालीं जस्टिस ऑफ दि पीस ही पदवी आहे काय तें पाहावें. ज्यूरर वा असेसर यांचीं नांवें दिलीं असल्यास तीं उतरून घ्यावीं. आरोप प्रथम कोणत्या कलमाखालीं होता व निकालाच्या वेळीं तो कोणत्या कलमावर आला, आणि या दोहोंच्या मध्यें सिव्हिल सर्जनचा दाखला कोठें येतो, तें ताडून पाहावें. या चार गोष्टी जुळविल्या म्हणजे ‘दंड तीस रुपये’ किंवा ‘आरोपी निर्दोष’ या शब्दांचें वजन किती धरावयाचें तें कळूं लागतें. निर्दोष सुटल्याचा निकाल हा गुन्हा घडला नसल्याचा पुरावा म्हणून आजवरच्या कित्येक लेखनांत आला आहे. ज्या खटल्यांत न्यायाधीश कोण असावा, पंच कोण असावे व शिक्षेची कमाल मर्यादा काय असावी, हें आरोपीच्या जन्मावरून आधींच ठरलेलें असे, त्या खटल्याचा निकाल असा सरळ घेतां येणार नाहीं.

मयत मोतद्दार, आचारी, मळ्यांवरील मजूर यांचीं नांवें निकालपत्रांत एकदां येतात व पुन्हां कोठेंहि येत नाहींत. त्यांच्या वंशावळी कोणी जपल्या नाहींत, त्यांच्या कैफियती कोणीं घेतल्या नाहींत. हे कागद नष्ट झाले तर त्यांच्या बाजूचा उरलासुरला पुरावाहि नष्ट होईल. म्हणून ज्यांच्या संग्रहीं १९४९ पूर्वींचे असे निकाल, अर्ज, मुखत्यारपत्रें वा वकिलांच्या टिपण्या असतील त्यांनीं त्या तारीखवार लावून ठेवाव्या, व त्यांच्या नकला अभ्यासकांस पाहावयास द्याव्या, अशी विनंती आहे.